हात काढला, तर घड कोणाचा?

इंदूअक्का गेली त्या दिवशी आमच्या फोरमवर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. लाल गुलाब, पाकळ्यांवर दवाचे थेंब, खाली सोनेरी अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. गुलाब! आणि तो अक्काला! दुसरं काही न करता मी आधी ते फूल काढून टाकलं. टाकणाऱ्याचा लगेच फोन आला, "भाऊ, मयताची श्रद्धांजली काढता का तुम्ही?" मी म्हटलं, "अक्काबद्दल खरंच काही वाटत असेल तर उद्या बागेत जा, तुझ्या केळीचा फोटो काढ आणि तो टाक. चांगला नसला तरी चालेल. वाईट असला तर अक्काला जास्त आवडेल." दुसऱ्या दिवशी त्याने खरंच टाकला. करप्याने अर्धं वाळलेलं पान होतं.

फोरम म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. दोंडाईच्याला भटूभाऊंचा संगणकाचा क्लास आहे आणि त्यांची सासरवाडी रावेरकडची, केळीवाली. सासऱ्याच्या शंकांना कंटाळून की काय, त्यांनी केळी लावणाऱ्यांसाठी 'केळीबांध' नावाचं एक ठिकाण इंटरनेटवर उघडलं. शेतकऱ्याने तिथे प्रश्न लिहावा, फोटो टाकावा, कुठे काही वाचलं असेल तर त्याची लिंक द्यावी, बाकीच्यांनी आपल्या अनुभवाने उत्तर द्यावं. व्हॉट्सॲपवर सकाळी बोललेलं संध्याकाळी सापडत नाही. इथे मात्र मागे कुणाच्या बागेत काय रोग आला होता आणि तो कशाने हटला, हे फोटोसकट जागेवर राहतं. माझं धुळ्याला डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स. केळीतलं मला खाण्यापलीकडे काही कळत नाही. पण भटूभाऊ जुने स्नेही, त्यामुळे फोरमवरचं नको ते काढायचं आणि भांडणं सोडवायची, हे बिनपगारी काम माझ्या गळ्यात पडलं.

अक्काची पहिली पोस्ट मला चांगली आठवते. फैजपूरच्या अलीकडच्या एका गावातून आली होती. घडाचा फोटो होता आणि घडाखाली धरलेला बाईचा हात होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस, केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं. एका शहाण्याने खाली लिहिलं, "ताई, घड सुंदर आहे, पण हात मध्ये येतो. हात काढून पुन्हा फोटो टाका." अक्काचं उत्तर लगेच आलं. अक्का बोलायची तसंच लिहायची, 'ळ'चा 'य' करून आणि कुणाची भीडभाड न ठेवता.

"हात माहा, घड माहा. हात काढला तं घड कोनाचा?"

पुढे कुणी हौसेने विचारलं, की प्रत्येक फोटोत हात कशाला, तर म्हणाली, "नेटवरचा घड कोन्याबी मुलखातला असतो बापा. मी टाकला तो माह्या बागेतला हाये, हे कोन सांगीन? माहा हातच सांगीन ना." त्यानंतर तिचा एकही फोटो हाताशिवाय आला नाही. पान असो, मुळी असो, पावसाने आडवं झालेलं झाड असो, कडेला हात असायचाच. आमच्यातले टवाळ तिला 'हातवाली अक्का' म्हणायला लागले. तिला ते कळलं होतं. तिने त्याचं काहीच केलं नाही.

तिचे फोटो फोरमवर चढताना नेहमी आडवे व्हायचे. फोनमध्ये काहीतरी गोम होती. घड जमिनीला समांतर लोंबायचा आणि सभासद तक्रार करायचे. मी तिला फोनवर तासभर शिकवलं, फोटो उभा कसा करायचा ते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत आडवाच टाकला, खाली लिहून, "घड खरा हाये. मान वाकडी करून पाह्या."

आणि एक सवय. चांगल्या घडाचा फोटो तिने कधी एकटा टाकला नाही. त्याच दिवशी त्याच बागेतला सगळ्यात भिकार घड शोधून त्याचाही फोटो शेजारी टाकायची. बाकीचे शेतकरी कसे, आपल्या बागेतला एक राजबिंडा घड निवडून त्यालाच बागेचं नाव देणारे. अक्काला त्याची चीड होती. "नुसता चांगला घड दाखवनं म्हनजे पोरीले दुरून दाखवून लगन जमवनं," असं तिने एकाला सुनावलं होतं. त्याची पोस्ट निसवणीच्या आनंदात होती बिचाऱ्याची, घड नुकते बाहेर पडले होते. पण अक्का आनंदबिनंद बघायची नाही.

ती गोड नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. गेलेल्या माणसाला साखरेत घोळवायची आपल्याकडे रीत आहे, ती मला पसंत नाही. अक्काने कुणाला धन्यवाद म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणी नुसता अंगठा दाखवून 'छान' म्हटलं तर ती लिहायची, "आंगठा ठेव तुह्यापाशी. तुही बाग दाखव." एक सद्गृहस्थ रोज पहाटे 'सुप्रभात' लिहिलेली फुलं, मोर, उगवता सूर्य वगैरे टाकत. मी दोनदा काढली, तिसऱ्यांदा कंटाळलो. मग अक्काने आघाडी सांभाळली. त्यांच्या प्रत्येक सुप्रभातखाली ती सडक्या खोडाचा एक फोटो टाकायची आणि लिहायची, "तुमालेबी." आठवड्यात मोर उडून गेले.

लिंकला ती 'पत्ता' म्हणायची. कुणी काही सांगितलं की तिचा पहिला शब्द ठरलेला, "पत्ता दे." एकदा एकाने लिहिलं, की केळीतला विषाणू आता माणसाला होतो, शहरात लोकांनी केळी खाणं सोडलं आहे. झालं, फोरमवर रडारड सुरू. माल तोडणीला आलेला, आणि ही बातमी. अक्का उतरली.

"पत्ता दे."

"ग्रुपवर आलं होतं, अक्का."

"ग्रुपचं मी इचारलं नही. जथून निंगालं तथला पत्ता दे."

तो माणूस टाळत राहिला आणि ही त्याच्या प्रत्येक पोस्टखाली जाऊन तेच विचारत राहिली. त्याने ठिबकच्या नळीबद्दल विचारलं, तरी खाली अक्काचं, "ते राहू दे, पत्ता दे." शेवटी त्याने कुठूनतरी लिंक शोधून दिली. आम्ही सगळ्यांनी ती उघडली, मोठमोठी अक्षरं वाचली आणि घाबरलो. अक्काने अक्षरं सोडली आणि फोटो पाहिला.

"ही केय नही बापा, कर्दय हाये! ज्याले केय न कर्दय ओयखता येत नही, त्याचं ऐकून तू आम्हाले भेव दाखवी राह्यला?"

खाली तिच्या अंगणातली कर्दळ आणि बागेतली केळ, शेजारी शेजारी. दोन्हीवर हात. आम्ही सगळे डोळे असून त्या फोटोवरून नुसते घसरत गेलो होतो. रडारड तिथेच थांबली.

भुसावळला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तिच्या गावी गेलो. वैशाख होता आणि जळगावकडचा वैशाख काय असतो ते मी सांगायला नको. दारात उभी होती. माझ्या कल्पनेतली अक्का थोराड होती, ही निघाली लहान चणीची, काटक.

"तूच का तो, लोकाईचे फोटो काढून टाकनारा?"

मी म्हटलं, "तुमचा कधी काढला नाही, अक्का."

"काढून तं पाह्य," ती म्हणाली, आणि हसली. जेवणाचं विचारेल, निदान पाणी देईल असं वाटलं. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "जेवन मंग. आधी बाग."

बागेत शिरलं की ऊन मागे राहतं. तिने मला बांधापासून सुरुवात करून सगळं दाखवलं, त्यात निम्मं रडकंच होतं. फोन ती स्टीलच्या डब्यात ठेवायची, चिकाचा आणि पाण्याचा भरवसा नाही म्हणून. डबा उघडायचा, पदराने कॅमेऱ्याची काच पुसायची, डावा हात घडाखाली धरायचा, आणि उजव्या हाताने फोटो. एकच. मी म्हटलं, "हलला असेल, आणखी एक काढा." म्हणाली, "दुसऱ्या फोटोले मानूस सजवाले लागते."

घरी वरण-बट्टी होती. तिचा नवरा, आबा, शांत माणूस. जेवताना माझ्याकडे वळून म्हणाले, "इचारा बरं हिले, त्या फोनात माहा एक तरी फोटो हाये का?"

अक्का बट्टी चुरता चुरता म्हणाली, "तुमाले काही रोग झाला का? मंग कसाले काढू?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला त्या घरात फार बरं वाटलं, खरं सांगतो.

त्याच दिवशी मी तिच्यापाशी तिच्या एका जुन्या चुकीचा विषय काढला. मागे कुणाच्या तरी पानावरचा रोग तिने भलताच सांगितला होता आणि चार दिवसांनी त्याच पोस्टखाली लिहिलं होतं, "मी चुकली." मी म्हटलं, "अक्का, ती पोस्ट काढून टाकू का? उगाच तुमचं नाव खराब." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरातलं भांडं उचलून निघालोय.

"जे लिवलं ते लिवलं. चुकलं तेबी राहू दे, न चुकली म्हने तेबी राहू दे. लोकाईले दोन्ही दिसलं पाह्यजे."

आता मुख्य गोष्ट.

चोपड्याकडचा गणेश नावाचा एक तरुण शेतकरी फोरमवर होता. त्याने एक दिवस लिहिलं, "अक्का, तुमचा घड पाहून मी ते टॉनिक आणलं आणि ठिबकमधून सोडलं. तुम्ही किती प्रमाण टाकलं होतं?"

अक्काने विचारलं, "कोनतं टॉनिक?"

गणेश म्हणाला, यावलला कृषी केंद्राच्या दुकानावर मोठा फ्लेक्स लागलाय, त्यावर तुमचाच घड आहे. मी तो इथे पाहिला होता, म्हणून लगेच ओळखला. अक्काने त्याला एवढंच सांगितलं, "फोटो टाक." त्याने टाकला. घड तोच होता. शेजारी फेटा बांधलेला कुणीतरी अनोळखी माणूस हसत होता, खाली टॉनिकची बाटली आणि 'फरक स्वतः अनुभवा!' हात नव्हता. मी रोज हेच काम करतो, त्यामुळे मला दिसलं. ज्याने हात कापला त्याला घाई होती, शेवटच्या फणीखाली अंगठ्याचं नख राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अक्का यावलला गेली, फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि आपल्या हाताने त्याचा फोटो काढला. घरी येऊन पोस्ट टाकली. फ्लेक्सचा फोटो, तिचा मूळ फोटो, त्या दिवशीच्या भिकार घडाचा फोटो आणि जुन्या पोस्टची लिंक. वर दुकानाचं, टॉनिकचं, कंपनीचं, सगळ्यांचं नाव घालून लिहिलं:

"हा घड माहा. ह्या औषिदाचा एक थेंब माह्या बागेत गेला नही. माह्यावर भरोसा ठेवून कोन्ही घेतलं असीन तं टाकू नका. खाली जुना पत्ता देल हाये. पाहून घ्या."

मी फोन केला. म्हटलं, "अक्का, फार राग आला का हो हात कापला म्हणून?"

"हाताचं काय घेऊन बसला?" ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "त्या गन्यानं माह्या नावावर ते पानी बागेत सोडलं. झाडाले काही झालं नही, त्याचं नशीब. पन उद्या मी खरं सांगीन, तवा कोन मानीन? म्हनतीन, अक्काबी इकली गेली. माहा शब्द ह्याईनं बाटलीवर चिटकवला, भाऊ."

जिने आयुष्यात एक फोटो सजवून टाकला नाही, तिच्याच फोटोने लोक फसत होते. माझा संताप संताप झाला.

पंचाईत अशी, की ती कंपनी आमच्या फोरमची जाहिरातदार होती. पानाच्या वरच्या बाजूला तिचीच पट्टी फिरायची. चार दिवसांत भटूभाऊंचा फोन आला. घाबरले की ते मराठी विसरतात आणि अहिराणीवर येतात.

"भाऊ, ती पोस्ट काढी टाका. कंपनीना फोनवर फोन येई ऱ्हायनात. फोरमना बठ्ठा खर्च त्याच लोके करतस. मना हात बांधेल शेतस."

मी म्हटलं, "मी नाही काढणार. तुमचा फोरम, तुम्ही काढा."

"मी कसं काढू? अक्काले काय तोंड दाखाडू?"

तेवढ्यात अक्काला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. इंग्रजीत, पानभर. बदनामी, नुकसानभरपाई, पोस्ट ताबडतोब काढा, असं सगळं. गावातल्या मास्तरांनी तिला वाचून अर्थ सांगितला. माणूस अशा वेळी घाबरतो, निदान कुणाला तरी विचारतो. अक्काने नोटीस ओसरीवर पसरली, कडेला हात ठेवला, फोटो काढला आणि फोरमवर टाकला. खाली लिहिलं, "हेबी पाहून घ्या." मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर तपासत होतं, ते दचकलं.

शेवटी भटूभाऊ मला गाडीत घालून अक्काकडे घेऊन गेले. वाटेत त्यांनी बोलायची तयारी केली होती. फोरम बंद पडला तर एवढ्या शेतकऱ्यांचं नुकसान, एका पोस्टपायी सगळं जाईल, तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्या. सगळं नीट बोलले. अक्काने मध्ये तोंड घातलं नाही. बोलणं संपल्यावर म्हणाली,

"बरं. काढ."

भटूभाऊंचा चेहरा उजळला.

"मी नही काढनार. तू काढ. न काढली का त्याच जागी लिवजो, अक्काची पोस्ट भटूनं काढली. कसाले काढली, तेबी लिवजो. कंपनीच्या भेवानं काढली. पोस्ट खोटी व्हती म्हने, असं लिवशीन तं मात्र माही न तुही सोयरीक संपली."

भटूभाऊ ताटातल्या भाकरीकडे पाहत बसले. तिने त्यांना आग्रह करकरून वाढलं, त्यात काही कमी केलं नाही. परतताना भुसावळ मागे पडलं. मग भटूभाऊ एकदम म्हणाले, "आसं कसं लिखू मी? मना सासराबी तठे वाचस!"

पोस्ट राहिली. कंपनीने जाहिरात काढून घेतली. फोरम मंदावला, फोटो उघडायला वेळ लागायला लागला, आणि भटूभाऊ दोन महिने माझ्याशी तुटक बोलले. पण अक्काच्या पोस्टचा पत्ता बाहेर पडला होता. केळीवाल्यांच्या दुसऱ्या गटांवर, कंपनीच्या स्वतःच्या पानावर, टॉनिकच्या प्रत्येक जाहिरातीखाली कुणी ना कुणी तो नेऊन चिकटवत होतं. गणेश तर इरेला पेटला होता. दुकानदार म्हणायचा टॉनिक घे, शेतकरी म्हणायचा आधी ही लिंक उघड. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. कुणाला ते सुडाचं वाटलं तर वाटू दे.

मग कंपनीला तडजोड सुचली.

यावलचा तो फ्लेक्स उतरला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. रिकाम्या लोखंडी चौकटीचा अक्काने टाकलेला फोटो अजून फोरमवर आहे. पण तो उतरला कसा, हे पाहणारे आम्ही थोडेच. मी अक्काला पाहिलं तेही त्या दिवशी शेवटचंच. थंडीत तिच्या हृदयाने दगा दिला आणि मला आबांचा फोन आला. मधल्या काळात जाऊ जाऊ म्हणत राहिलो. तर तो दिवस सांगतो.

कंपनीचा विभागीय साहेब पांढऱ्या गाडीतून आला. भटूभाऊंना आणि मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं. साहेब तरुण होता, पांढरा शर्ट, बोलायला मऊ. हातात शाल आणि श्रीफळ.

"नमस्कार मॅडम."

"मॅडम कोन?" अक्का म्हणाली. "अक्का म्हन. न चाल, आधी बाग."

साहेबाला नाही म्हणता आलं नाही. अर्धा तास तिने त्याला सऱ्यांमधून फिरवलं. तो बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाहीवर चिकाचे थेंब पडले होते. केळीचा डाग कशानेही जात नाही, हे त्याला त्या वेळी माहीत नसावं. तो रुमालाने पुसत होता.

ओट्यावर बसल्यावर त्याने मुद्दा मांडला. झालं ते चुकून झालं, एजन्सीने फोटो नेटवरून उचलला. कंपनीला अक्कांचा सन्मान करायचा आहे. जळगावला मेळावा घेऊ, प्रगतिशील शेतकरी म्हणून सत्कार करू. नवीन फ्लेक्स लावू, त्यावर अक्कांचा हात काय, पूर्ण अक्काच असतील. फक्त ती पोस्ट तेवढी…

"पूर्न मी असीन," अक्का म्हणाली, "न बाजूले तुही बाटली."

"बाटली तर राहील ना, अक्का."

"मंग मी नही."

साहेबाने शाल या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "ठीक आहे. पण जुना फ्लेक्स उतरवायलाही वेळ लागतो. वरून मंजुरी यावी लागते."

"माहा घड घेतला तवा कोनाची मंजुरी आनली व्हती?"

भटूभाऊ खोकले. मी खाली पाहत होतो, हसू दिसू नये म्हणून. साहेब आता खरोखर अजिजीने म्हणाला, "अक्का, माझीही नोकरी आहे. पोस्ट राहू द्या हवं तर. निदान कंपनीचं नाव तरी त्यातून काढा."

अक्काने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, विरघळली. पोरगं चांगलं होतं, कुणालाही वाटलं असतं.

"नाव काही निंघनार नही," ती म्हणाली. "पन फ्लेक्स उतरला तं उतरला म्हने, हे त्याच्याखाली लिवीन. तुह्या कंपनीनं उतरवला, असं तुह्या कंपनीच्या नावानं लिवीन. खोटं लिवनार नही, न खरं दडवनार नही. बस?"

"मी वर कळवतो. आठवडाभरात…"

अक्का उठली आणि आत गेली. साहेबाला वाटलं चहा येतोय. आत पितळी भांडं वाजलं, मग कपाटाचं दार. बाहेर आली ती लुगडं बदलून, पायात चपला, डोक्यावर पदर, काखेत फोनचा डबा. आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता ओटा उतरली, सरळ त्या पांढऱ्या गाडीपाशी गेली, मागचं दार उघडलं आणि आत बसली.

ड्रायव्हर गडबडून उभा राहिला. त्याने साहेबाकडे पाहिलं, साहेबाने भटूभाऊंकडे, भटूभाऊंनी माझ्याकडे. आबा दारात आले.

"जेवन?"

"झाकून ठेवा. येते," आतून आवाज आला.

साहेब गाडीपाशी गेला. वाकून काहीतरी समजावत होता, मंजुरी, वरिष्ठ, पुढचा आठवडा, असे शब्द मला ऐकू येत होते. अक्काने काच पूर्ण खाली केली, पदर नीट केला आणि समोर पाहत बसून राहिली. त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाली,

"यावल काही दूर नही बापा. ऊन व्हऊ राह्यलं, चाल."

साहेबाने खिशातून फोन काढला, कुणाला तरी "शिडी घेऊन दुकानावर थांब" म्हणून सांगितलं, शालीची घडी केली, आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, जाऊन बसला.